इनपुट वेगळे, आउटपुट वेगळे: पंपाच्या दुकानातील जीएसटी खात्यांची फेरमांडणी

डिसेंबर २०२४ च्या वीस तारखेला संध्याकाळी आम्ही नोव्हेंबरचे जीएसटीआर-३बी (महिन्याच्या कराचे रिटर्न) भरले आणि त्यासाठी बँकेतून ४५,००० रुपयांचे चलन गेले. मिरजेतील एका पंप, केबल आणि पाइपच्या दुकानात मी २००८ पासून हिशेब पाहत आहे. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांना संगणक फारसा जमत नाही, पण कोणत्या महिन्यात किती रोकड बाहेर जायला हवी याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. चलनाचा संदेश फोनवर पाहून ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "ताई, कोइंबतूरच्या दोन गाड्या त्या महिन्यात उतरल्या, तरी एवढा भरणा कसा?" मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. रात्री घरी कागदावर आकडे मांडले, तेव्हा कळले की भरणा १८,००० रुपयांचाच व्हायला हवा होता.

ते आकडे मला अजून पाठ आहेत. कोइंबतूरहून आलेल्या आठ लाखांच्या पंपांवर १८ टक्क्यांनी १,४४,००० रुपये आयजीएसटी (परराज्याशी झालेल्या व्यवहारावरचा कर) लागला होता. पुणे आणि कोल्हापूरहून घेतलेल्या तीन लाखांच्या केबल-पाइपवर राज्यातल्या व्यवहाराचे दोन कर, केंद्राचा सीजीएसटी २७,००० आणि राज्याचा एसजीएसटी २७,०००, लागले होते. विक्रीच्या बाजूला महाराष्ट्रातील दहा लाखांवर प्रत्येकी ९०,००० सीजीएसटी-एसजीएसटी आणि कर्नाटकातील दोन लाखांवर ३६,००० आयजीएसटी असे देणे होते. एकूण देणे २,१६,००० आणि एकूण क्रेडिट (खरेदीवर दिलेला, देण्यातून वजा होणारा कर) १,९८,०००, म्हणजे फरक १८,०००. हे तिसरीतल्या मुलालाही येणारे गणित आहे. मात्र जीएसटीमध्ये तीन करांची तीन क्रेडिटे एकमेकांत मनाला येईल तशी वळवता येत नाहीत. सीजीएसटीचे क्रेडिट एसजीएसटीच्या देण्यासाठी चालत नाही आणि एसजीएसटीचे सीजीएसटीसाठी चालत नाही. शिवाय फेब्रुवारी २०१९ पासून आयजीएसटीचे क्रेडिट पूर्ण संपवल्याशिवाय इतर दोहोंना हात लावता येत नाही. आयजीएसटीच्या देण्याला वापरून उरलेले आयजीएसटी क्रेडिट मात्र सीजीएसटी आणि एसजीएसटी यांच्यात कोणत्याही क्रमाने आणि कोणत्याही प्रमाणात वाटता येते. ही मुभा नियम ८८अ मध्ये आहे आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली.

आयजीएसटी आधी संपवायचा, एवढा निम्मा नियम मला पक्का ठाऊक होता. उरलेले १,०८,००० मी वरून खाली ओळीने टाकत गेले. सीजीएसटीचे ९०,००० पूर्ण फेडले आणि राहिलेले १८,००० एसजीएसटीला लावले. त्यामुळे आमचे स्वतःचे सीजीएसटीचे २७,००० रुपयांचे क्रेडिट वापरायला देणेच उरले नाही आणि एसजीएसटीचे ४५,००० रोख भरावे लागले. तेच १,०८,००० मी निम्मे-निम्मे वाटले असते, तर दोन्हीकडे ९,००० उरले असते. जीएसटी पोर्टलने स्वतः सुचवलेली विभागणी समोर होती, पण ती माझ्या पुस्तकातल्या जर्नल नोंदीशी जुळत नाही म्हणून मीच ती खोडली. भरलेले ३बी नंतर दुरुस्त करता येत नाही. ते २७,००० बुडाले नाहीत, पुढच्या महिन्यांत कामी आले. परंतु व्यापाऱ्याच्या दृष्टीने डिसेंबरची रोकड डिसेंबरमध्ये हातात असणे आणि ती पोर्टलवर पडून असणे यात मोठा फरक असतो.

ही चूक घाईने झाली असे म्हणून मी सुटू शकले असते, पण खरे कारण आमच्या खात्यांच्या मांडणीत होते. आमच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी अशी तीनच लेजर (खाती) होती आणि खरेदी व विक्री या दोहोंचा कर त्यांतच पडत असे. त्या दिवशी सीजीएसटीच्या लेजरमध्ये ६३,००० रुपयांचे देणे दिसत होते आणि रिटर्नमध्ये ९०,०००. मधले २७,००० म्हणजे आमचेच इनपुट (खरेदीवरच्या कराचे क्रेडिट) आहे, हे त्या लेजरकडे पाहून समजण्याची सोय नव्हती. मी दोन्ही आकड्यांवर थोडा थोडा अविश्वास ठेवला आणि तिसरेच केले.

ही तीन लेजरची सवय व्हॅटच्या काळातली होती. मी २००८ मध्ये कामाला लागले, तेव्हा महाराष्ट्रात व्हॅट येऊन तीन वर्षे झाली होती. त्या वेळी आम्ही व्हॅटचे एकच खाते ठेवत असू; खरेदीवरचा सेट-ऑफ (वजावट) नावे (डेबिट), विक्रीवरचा कर जमा (क्रेडिट) आणि महिनाअखेरची शिल्लक म्हणजे भरायची रक्कम. कोइंबतूरच्या मालावर लागणाऱ्या केंद्रीय विक्रीकराचा सेट-ऑफ मिळतच नव्हता, त्यामुळे तो खरेदीच्या किमतीत मिसळून जात असे आणि त्याला वेगळे खाते लागत नसे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. त्या गडबडीत मी व्हॅटचे एक लेजर होते तिथे जीएसटीची तीन लेजर केली आणि पद्धत तीच चालू ठेवली. टॅलीला ती चालते. एकच लेजर दोन्हीकडे वापरले तरी कराची आकारणी बरोबर होते आणि रिटर्नचे आकडेही बरोबर येतात, म्हणून साडेसात वर्षे कुणाला खटकले नाही.

आमच्या सीए साहेबांना मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत, पण त्यांनी एक गोष्ट नीट समजावली. पोर्टलवर आपली तीन वेगळी खाती असतात: देण्याचे, क्रेडिटचे आणि रोखीचे. आपल्या पुस्तकातही तीच तीन माणसे बसलेली दिसली पाहिजेत, म्हणजे महिनाअखेरीस एकेकाला पोर्टलवरच्या जोडीदारासमोर उभे करून विचारता येते. नवी मांडणी १ एप्रिल २०२५ पासून करायची, आणि तोवर जुन्या लेजरमध्ये काय काय साठले आहे ते शोधून ठेवायचे, असे ठरले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी कंपनीचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडला आणि आधी त्या प्रतीवरच सगळे करून पाहिले. लेजर करण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. सीजीएसटी इनपुट, एसजीएसटी इनपुट, आयजीएसटी इनपुट आणि तशीच आउटपुटची (विक्रीवरच्या कराची) तीन, अशी सहा लेजर झाली. ती सर्व 'ड्युटीज अँड टॅक्सेस' या गटाखाली घ्यायची, कराचा प्रकार जीएसटी निवडायचा आणि त्याखाली सीजीएसटी, एसजीएसटी की आयजीएसटी ते अचूक द्यायचे. इनपुट आणि आउटपुट हा भेद टॅलीला या लेजरमधून कळत नाही. सीजीएसटी इनपुट आणि सीजीएसटी आउटपुट या दोघांचा करप्रकार तिच्या लेखी एकच असतो. नावातला फरक आपल्यासाठी आहे. हे वाक्य मी तेव्हा सहज वहीत लिहून ठेवले होते, त्याचा अर्थ मेमध्ये समजला.

लेजर कोणत्या गटात घ्यावे याबद्दल माझ्या मनात एक शंका होती. इनपुटची शिल्लक हे येणे आहे, आणि 'ड्युटीज अँड टॅक्सेस' हा गट चालू देण्यांच्या खाली येतो. मग ताळेबंदात आपले येणे देण्यांच्या बाजूला उणे चिन्हासह दिसणार. म्हणून प्रतीमध्ये मी इनपुटची लेजर चालू मालमत्तेखाली नेऊन पाहिली. तिथे कराचा प्रकार निवडण्याची ओळ आली नाही आणि खरेदीच्या व्हाउचरमध्ये कर आपोआप मोजला जाईना. शेवटी 'ड्युटीज अँड टॅक्सेस' खालीच इनपुटचा एक आणि आउटपुटचा एक असे दोन उपगट केले. वर्षअखेरीस इनपुटचा उपगट येण्यांच्या बाजूला दाखवण्याचे काम सीए साहेबांनी आपल्याकडे घेतले.

आमच्याकडे दोन वर्षांपासून बी.कॉम. झालेला एक मुलगा मदतीला आहे. त्याने सुचवले की दरानुसार लेजर करू. आउटपुट सीजीएसटी ६ टक्के, ९ टक्के, २.५ टक्के अशी. म्हणजे कोणत्या दराने किती विक्री झाली ते लेजरवरूनच दिसेल. सूचना वाईट नव्हती, कित्येक दुकानांत तसे केलेले मी पाहिले आहे. पण मला जुलै २०२२ आठवत होता. त्या महिन्याच्या १८ तारखेला पाण्याच्या पंपांचा दर १२ वरून १८ टक्के झाला आणि दराच्या नावाची लेजर ठेवणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्याच्या बिलांवर पुढे आठवडाभर '६ टक्के' असे नाव आणि ९ टक्क्यांची रक्कम छापली जात होती. दर हा मालाचा गुण आहे, खात्याचा नव्हे. म्हणून आम्ही दर स्टॉक आयटममध्ये ठेवला आणि करलेजरमधील टक्केवारीची जागा शून्यच ठेवली. दरानुसार विक्री पाहायची असेल तर ती टॅलीच्या जीएसटीआर-१ (विक्रीचे रिटर्न) अहवालात दिसतेच.

सहा लेजरवर काम भागले नाही. रिव्हर्स चार्जसाठी, म्हणजे पुरवठादाराऐवजी घेणाऱ्याने भरायच्या करासाठी, वेगळे देण्याचे खाते लागले. कोइंबतूरच्या गाडीचे भाडे आम्ही देतो. तो वाहतूकदार स्वतः कर आकारत नाही, त्यामुळे भाड्यावरचा ५ टक्के कर आम्हाला भरावा लागतो. भाडे २४,००० असेल तर कर १,२०० होतो, आणि वाहतूकदार तमिळनाडूचा व आम्ही महाराष्ट्रातले असल्याने तो आयजीएसटी असतो. हे १,२०० क्रेडिटमधून वळते करता येत नाहीत, रोखच भरावे लागतात. भरल्यावर त्याच महिन्यात त्यांचे इनपुट मात्र घेता येते. पूर्वी ही रक्कम त्याच आयजीएसटी लेजरमध्ये नावे आणि जमा दोन्हीकडे पडून दिसेनाशी होत असे. एकदा तर ती रोख भरायची राहूनच गेली होती आणि नंतर व्याजासह भरली. आता 'रिव्हर्स चार्ज देय आयजीएसटी' हे खाते वेगळे आहे आणि सेट-ऑफच्या नोंदीत ते येतच नाही.

'जीएसटी रोख खाते' हेही नवे. पूर्वी चलन भरले की आम्ही थेट सीजीएसटी-एसजीएसटी नावे करत असू. प्रत्यक्षात चलनाचे पैसे आधी पोर्टलच्या रोख खात्यात जमा होतात आणि रिटर्न भरताना तिथून वळते होतात. चलनात कर, व्याज आणि विलंब शुल्क यांचे रकाने वेगळे असतात, आणि चुकीच्या रकान्यात टाकलेले पैसे दिसायला पोर्टलवर असतात पण योग्य रकान्यात वळवल्याशिवाय कामाला येत नाहीत. व्याज आणि विलंब शुल्क खर्चात नोंदायचे, करखात्यात नाही, हेही तेव्हाच ठरवले.

सर्वांत उपयोगी ठरले ते 'इनपुट प्रलंबित' नावाचे खाते. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये बिल दाखवले आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलने तयार केलेल्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत) आले, तरच त्याचे क्रेडिट घेता येते. बिल हातात आहे, माल गोदामात आहे, पैसे दिले आहेत, तरीही २बी मध्ये नाव नसेल तर क्रेडिट नाही. अशा बिलांचा कर महिनाअखेरीस जर्नल नोंदीने इनपुटमधून काढून प्रलंबित खात्यात ठेवायचा आणि बिल २बी मध्ये आले की परत इनपुटमध्ये आणायचा, अशी पद्धत लावली. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते, म्हणून आमच्याकडे १४ ते १८ हे दिवस या जुळवणीचे असतात.

मग राहिला सुरुवातीच्या शिलकीचा प्रश्न. यात तीन रात्री गेल्या. मार्चच्या सेट-ऑफची नोंद केल्यावर आमच्या जुन्या सीजीएसटी लेजरमध्ये ३१,६४० रुपये नावे शिल्लक होती. पोर्टलवरचे क्रेडिट खाते पाहताना एक गोष्ट विसरून चालत नाही: मार्चचे क्रेडिट तिथे मार्चचे ३बी भरल्यावर, म्हणजे एप्रिलमध्ये चढते. मी आधी ३१ मार्चच्या तारखेची पोर्टल शिल्लक घेऊन दोन तास डोके फोडले होते. ३बी भरल्यानंतरची खरी शिल्लक २४,३५० होती. फरक ७,२९० रुपयांचा.

त्यातले ५,४०० लगेच सापडले. एका पुरवठादाराचे मार्चमधील ६०,००० रुपयांचे पाइपचे बिल २बी मध्ये आलेले नव्हते. पाचशे रुपये २०२३ मधल्या एका उशिरा भरलेल्या रिटर्नचे विलंब शुल्क निघाले; वीस दिवस, रोजचे पंचवीस. ९०० रुपयांचा उगम दिवाळीत होता: गिऱ्हाइकांना वाटलेल्या ३६,००० रुपयांच्या मिठाईवर अडीच टक्के सीजीएसटी होता आणि तो आम्ही खुशाल इनपुट म्हणून नोंदला होता. भेट म्हणून फुकट दिलेल्या वस्तूंचे क्रेडिट कायद्याने मिळत नाही. सुदैवाने रिटर्न २बी पाहून सीए साहेबांच्या कार्यालयात तपासले जात असल्याने तिथे ते घेतले गेले नव्हते, फक्त आमच्या पुस्तकात बसून होते.

उरलेल्या ४९० पैकी ४८० रुपयांनी मला एक संपूर्ण संध्याकाळ खाल्ली. अण्णा विक्रेत्यांच्या मेळाव्यासाठी पणजीला गेले होते. दोन रात्रींचे हॉटेल ८,००० रुपये, त्यावर तेव्हाच्या १२ टक्क्यांनी ९६० रुपये कर, सीजीएसटी ४८० आणि एसजीएसटी ४८०. बिलावर आमचा जीएसटी क्रमांक व्यवस्थित छापलेला होता. आमच्या मदतीच्या मुलाने ते इनपुटमध्ये नोंदले, आणि मी त्याच्या जागी असते तरी तेच केले असते, कारण बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी दिसले की ते आपलेच वाटतात. पण हॉटेलच्या क्रमांकाची सुरुवात गोव्याच्या ३० ने होती, आमची महाराष्ट्राच्या २७ ने होते. मुक्कामाची सेवा हॉटेल जिथे आहे तिथेच दिली गेली असे मानतात. म्हणून तो कर गोव्यातला झाला आणि महाराष्ट्रातील नोंदणीला त्याचे क्रेडिट नाही. २बी मध्ये ते बिल होते, पण 'क्रेडिट उपलब्ध नाही' या भागात. आम्ही फक्त बिल आले आहे की नाही एवढेच पाहत होतो, कोणत्या भागात आले ते पाहत नव्हतो. ते पूर्ण ८,९६० रुपये प्रवासखर्चात गेले. शेवटचे दहा रुपये वर्षभरातल्या पैशांच्या गोळाबेरजेचे होते. ते 'राउंड ऑफ'ला टाकून मी फाइल मिटली. एसजीएसटीमध्येही हीच बिले निघाली. आयजीएसटी लेजर मात्र पहिल्याच प्रयत्नात जुळले.

एप्रिलपासून नवी लेजर चालू झाली. जुनी तीन लेजर मी पुसली नाहीत, त्यांच्या नावापुढे 'जुने' असे लिहिले, कारण मागील वर्षांची व्हाउचर त्यांवर होती. विक्रीच्या व्हाउचरमध्ये आउटपुट आणि खरेदीच्या व्हाउचरमध्ये इनपुट एवढेच पाळायचे होते. पहिल्या आठवड्यात विक्री परतीवरून थोडा गोंधळ झाला. एका शेतकऱ्याने पंप परत आणला तेव्हा मुलाने क्रेडिट नोट केली आणि माल आत आला म्हणून कर इनपुटला नावे टाकला. माल आत आला हे खरे, पण ती खरेदी नव्हे; आपले देणे कमी झाले, म्हणून आउटपुट नावे. त्याला 'क्रेडिट' या शब्दाचाही त्रास होत असे. पोर्टलवरचे क्रेडिट आपल्या पुस्तकात नावे शिल्लक म्हणून दिसते, हे मान्य करायला त्याला बरेच दिवस लागले. खरे सांगायचे तर हा शब्द ज्यांनी निवडला, त्यांनी हिशेबनिसांचा विचार केला नसावा.

सीमेवरच्या गावात असल्यामुळे आउटपुटच्या बाजूला आम्हाला आणखी एक काळजी घ्यावी लागते. कर्नाटकातल्या अथणी, कागवाड, चिकोडीकडचे शेतकरी मिरजेला येऊन रोख पंप नेतात. त्यांची जीएसटी नोंदणी नसते. ऑक्टोबर २०२३ पासून अशा गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला असेल तर पुरवठ्याचे ठिकाण त्या पत्त्याचे धरले जाते, नसेल तर दुकानाचे. म्हणजे बिलावर हमीसाठी अथणीचा पत्ता लिहायचा आणि कर मात्र सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा, हे चालत नाही. आमच्या रोख विक्रीत राज्य आपोआप महाराष्ट्र येत असे आणि पत्ता नंतर हाताने टाइप होत असे. आता काउंटरवर आधी राज्य विचारतात, मग बिल उघडतात.

मे महिन्याचे काम जूनच्या मध्यात केले. २बी जुळली, सेट-ऑफची जर्नल नोंद ३बी मधील आकड्यांवरून केली. या नोंदीनंतर आउटपुटची तिन्ही लेजर शून्यावर यायला हवीत. आयजीएसटी आले. सीजीएसटी आणि एसजीएसटी या दोहोंत १६२ रुपये नावे उरले. ट्रायल बॅलन्स जुळत होता. टॅलीचा जीएसटी अहवालही पोर्टलशी पैशापर्यंत जुळत होता. म्हणजे रिटर्न बरोबर आणि लेजर चूक, आणि हे कसे शक्य आहे ते मला कळेना. मग वहीतले ते वाक्य आठवले. अहवाल व्हाउचरचा प्रकार आणि करप्रकार पाहतो, लेजरचे नाव पाहत नाही. खरेदीच्या बाजूच्या कुठल्या तरी नोंदीत कुणीतरी इनपुटऐवजी आउटपुट निवडले होते. अहवालाने ते निमूटपणे इनपुट म्हणूनच मोजले, आणि पुस्तकात मात्र आउटपुट १६२ ने कमी झाले व इनपुटही १६२ ने कमी झाले.

आउटपुट सीजीएसटीचे महिन्याचे पान चारशेहून अधिक नोंदींचे होते. मी १६२ ला ९ ने भागले, १८ आले. म्हणजे १,८०० रुपयांवरचा १८ टक्के कर. १,८०० रुपयांची आमची कोणतीही खरेदी नसते. बँकेने मे महिन्यात धनादेशपुस्तिका आणि इतर सेवांचे एकत्र १,८०० रुपये शुल्क लावले होते, अधिक ३२४ रुपये कर. नोंद सापडायला पाच मिनिटे लागली. मुलगा ओशाळला. नावे टाइप करताना 'सीजीएसटी' लिहिले की यादीत दोन्ही येतात आणि घाईत पहिले निवडले जाते, असे तो म्हणाला. ते पटण्यासारखे होते, म्हणून आम्ही लेजरांची नावेच बदलली. पूर्वी 'सीजीएसटी इनपुट' आणि 'सीजीएसटी आउटपुट' अशी होती, ती 'इनपुट सीजीएसटी' आणि 'आउटपुट सीजीएसटी' अशी केली, म्हणजे पहिल्या अक्षरालाच वाटा फुटतात. तशी चूक त्यानंतर एकदाच झाली आणि तीही त्याच दिवशी दिसली.

जुलै-ऑगस्ट सुरळीत गेले. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले. आमच्या दुकानात पंप, मोटारी आणि पीव्हीसी पाइप १८ टक्क्यांवरच राहिले. ठिबकच्या नळ्या आणि तुषार संच मात्र १२ वरून ५ टक्क्यांवर आले. बाजारपेठेत त्या आठवड्यात बरीच धावपळ होती. आम्ही आदल्या दिवशी, रविवारी, दोघांनी बसून ३८ स्टॉक आयटममध्ये २२ तारखेपासून लागू होणारा नवा दर टाकला. करलेजरला हात लावावा लागला नाही. अण्णांचा प्रश्न वेगळाच होता: गोदामात १२ टक्के कर भरून घेतलेला ठिबकचा माल आहे आणि विकायचा ५ टक्क्यांनी, मग वरचा कर गेला का? तो गेला नव्हता. ते क्रेडिट रीतसर घेतलेले होते आणि ते पंपांच्या देण्याला वापरता येत होते. मी त्यांना स्क्रीनवर इनपुटची लेजर उघडून दाखवली. पूर्वीच्या लेजरवरून हे दाखवता आले नसते.

प्रलंबित खात्यात मात्र मार्चच्या त्या पाइपच्या बिलाचे सीजीएसटी ५,४०० आणि एसजीएसटी ५,४०० तसेच होते. दर महिन्याला १४ तारखेला मी २बी उघडायचे, शोधायचे आणि पुरवठादाराला फोन करायचे. दर महिन्याला तिकडून "या वेळी नक्की टाकतो, मॅडम" असे उत्तर यायचे. अण्णांनी त्यांचे पैसे देताना कराचे १०,८०० रुपये मागे ठेवले होते, म्हणून संबंध थोडे ताणलेले होते. २०२४-२५ या वर्षाच्या बिलाचे क्रेडिट घ्यायला ३० नोव्हेंबर २०२५ ही शेवटची मुदत होती आणि त्यानंतर ते १०,८०० आमच्या खर्चात गेले असते. १४ ऑक्टोबरला सकाळी २बी मध्ये ते बिल आले, योग्य भागात, योग्य रकमेसह. मी प्रलंबित खाते जमा आणि इनपुट नावे अशी जर्नल नोंद केली, खाते शून्यावर आलेले पाहिले, आणि अण्णांना पुरवठादाराचा धनादेश लिहायला सांगितले.